मोळीपासून मालगाडीपर्यंत लाकडाचा हिशेब मांडणारा माणूस

इटियाडोह (जि. गोंदिया) : अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर बांधलेल्या इटियाडोह धरणाच्या आसपास साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू आणि बांबू यांचे रान आहे. ते एका अंगाने नवेगावबांधकडे, तर दुसऱ्या अंगाने गडचिरोली जिल्ह्याकडे पसरत जाते. अशा रानातून लाकूड बाहेर पडण्याच्या वाटा अनेक. बायांच्या डोक्यावरची सरपणाची मोळी ही त्यांतील सर्वांत जुनी. तिच्यामागून बैलगाडी आली, सायकल आली आणि पुढे चिखलातूनही वाट काढणारे ट्रॅक्टर व ट्रक आले. झाडावर पडणारे हत्यारही बदलले. कुऱ्हाडीची जागा दोन माणसांच्या आऱ्याने आणि आऱ्याची जागा पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉने घेतली. मात्र कोणते झाड कोणी तोडावे, त्यावर कोणाचा हातोडा उमटावा, ते कोणत्या परवान्यावर वाहून न्यावे आणि कोणत्या डेपोत विकावे, या साऱ्या नियमांचा मूळ आराखडा सुमारे दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. तो आखण्यात ज्या एका माणसाचा सर्वांत मोठा वाटा होता, तो इंग्रज नव्हता आणि वनाधिकारी म्हणून शिकलेलाही नव्हता. त्याचे नाव डिट्रिच ब्रँडिस. भारतीय वनव्यवस्थापनाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. पण ज्या प्रश्नावर ते सरकारदरबारी हरले, त्याची आठवण क्वचितच काढली जाते.

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी जर्मनीतील बॉन येथे झाला. वडील ख्रिश्चन ऑगस्ट ब्रँडिस हे तेथील विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. ग्रीसच्या नव्या राजाने त्यांना सल्लागार म्हणून बोलावून घेतले आणि त्यामुळे डिट्रिच यांची मुलगेपणाची काही वर्षे अथेन्समध्ये गेली. वनस्पतींचे वेड त्यांना तेथेच लागले. पुढे कोपनहेगन, गॉटिंगेन आणि बॉन येथे शिक्षण घेऊन १८४८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि पुढच्याच वर्षी बॉन विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकविण्यास आरंभ केला. त्यांचे आयुष्य प्रयोगशाळेत आणि व्याख्यानगृहातच जायचे, असे त्या वेळी कोणीही म्हटले असते.

ते हिंदुस्थानकडे वळले ते विवाहामुळे. १८५४ मध्ये त्यांनी रेचेल यांच्याशी लग्न केले. रेचेल या बंगालमधील श्रीरामपूरचे प्रसिद्ध मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्या कन्या. त्यांची बहीण हेन्री हॅवलॉक यांची पत्नी होती. १८५७ च्या जुलैमध्ये नानासाहेब पेशव्यांच्या फौजांकडून कानपूर परत घेणारा सेनापती तो हाच हॅवलॉक. या नात्यातून ब्रँडिस यांचे नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या कानी गेले. डलहौसींनी १८५२ च्या युद्धानंतर ब्रह्मदेशातील पेगू प्रांत खालसा केला होता आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच नागपूरकर भोसल्यांचे राज्यही वारसाच्या निमित्ताने गिळंकृत केले होते. पेगूच्या सागवानाचे काय करायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी एका एकतीस वर्षांच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाची १८५६ च्या आरंभी नेमणूक झाली.

हत्तीवरची मोजदाद

पेगूच्या जंगलात त्या काळी लाकडाचा धंदा जोरात होता. सागाच्या बुंध्याभोवती साल आणि कोवळे लाकूड वर्तुळाकार कापून झाड उभ्या उभ्या मारायचे, दोन-तीन वर्षे ते वाळू द्यायचे, मग पाडायचे आणि हत्तींकडून नदीपर्यंत ओढून प्रवाहात सोडून द्यायचे, अशी पद्धत होती. ओले सागवान पाण्यात बुडते, म्हणून हा खटाटोप. व्यापाऱ्यांचे लक्ष अर्थातच नदीकाठच्या, ओढून आणण्यास सोप्या असलेल्या जाड झाडांवर असे. मागे किती झाडे उरली आणि ती केव्हा तोडणीजोगी होतील, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

ब्रँडिस यांनी प्रथम झाडे मोजली. मोजण्याची त्यांची रीत साधी होती आणि पुढे ती वनखात्यात दंतकथेसारखी सांगितली गेली. हत्तीवर बसून ते रानातील एका ठरावीक रेषेने जात. डाव्या हातात काठ्या आणि उजव्या हातात खिशातला चाकू असे. घेरानुसार सागाचे चार वर्ग केलेले होते आणि प्रत्येक वर्गासाठी एक काठी. वाटेच्या दोन्ही बाजूंस दिसणाऱ्या प्रत्येक सागासाठी त्या त्या काठीवर खाच पडे. संध्याकाळी खाचा मोजल्या की त्या पट्ट्यातील सागाची संख्या समजे आणि त्यावरून साऱ्या जंगलाचा अंदाज बांधता येई. कागद पावसाने भिजतात, खाचा भिजत नाहीत, एवढा व्यवहारही त्यात होताच.

या मोजणीतून एक नियम निघाला. दुसऱ्या वर्गातील झाडाला पहिल्या वर्गात जायला जितकी वर्षे लागतात, तितक्या वर्षांत पहिल्या वर्गातील झाडे पुरवून तोडायची. त्याहून एकही अधिक नाही. मुद्दलाला हात न लावता व्याजावर राहावे, असा हा हिशेब होता. रंगून आणि मौलमीन येथील लाकूड व्यापाऱ्यांना तो मुळीच रुचला नाही. त्यांनी खुल्या तोडीसाठी सरकारवर दडपण आणले आणि १८६२ मध्ये काही जंगले खासगी ठेकेदारांना मिळालीही. ब्रँडिस यांचा त्याला विरोध होता.

डोंगरात जंगल जाळून फिरती शेती करणाऱ्या करेन लोकांशी मात्र त्यांनी वेगळा व्यवहार केला. त्यांना हुसकून लावण्याऐवजी, धानाच्या जोडीने त्याच जमिनीत सागाची रोपे लावावीत आणि त्याचा मोबदला घ्यावा, अशी योजना त्यांनी आखली. दोन-तीन पिके काढून शेतकरी पुढे सरके आणि मागे सागाची लागवड उभी राहे. तौंग्या नावाने ही पद्धत पुढे जगभर गेली. लोकांना वगळून जंगल राखता येत नाही, हे ब्रँडिस येथे शिकले, असे म्हणावे लागते. या पद्धतीत करेन लोकांचे श्रम स्वस्तात मिळत होते, हेही तितकेच खरे.

रेल्वेची भूक

१८६२ मध्ये ब्रँडिस यांना हिंदुस्थानात बोलावण्यात आले. १८६४ मध्ये वनखात्याची स्थापना झाली आणि ते त्याचे पहिले महानिरीक्षक झाले. घाई कशाची होती, हे समजण्यासाठी रेल्वेकडे पाहावे लागते. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ मध्ये धावली आणि १८६७ पर्यंत रूळ नागपुरास भिडले. एका मैलाला सतराशे ते दोन हजार स्लीपर लागत आणि लाकडाचे स्लीपर काही वर्षांत कुजून बदलावे लागत. दगडी कोळसा जेथे पोहोचत नव्हता, तेथील इंजिनेही लाकडावरच चालत. पंजाब, सिंध आणि मद्रास या भागांत रेल्वेचे सरपण हा स्वतंत्र धंदा होऊन बसला. लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंची झाडी भराभर साफ होऊ लागली. लाहोरजवळ चांगा मांगा येथे कालव्याच्या पाण्यावर शिसवीची लागवड १८६६ मध्ये सुरू झाली, ती इंजिनांच्या सरपणासाठी. मद्रासच्या किनाऱ्यावर सुरूची लागवड वाढली, त्यामागेही हेच कारण होते. मध्य प्रांताला त्यातल्या त्यात लवकर दिलासा मिळाला. वरोऱ्याची कोळशाची खाण १८७१ मध्ये सुरू झाली.

लाकडावर सत्ता गाजविणारे ब्रिटिश हे काही पहिले नव्हेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी झाडे कोणती तोडावीत आणि रयतेची आंबा-फणसाची झाडे का तोडू नयेत, याचे स्पष्ट हुकूम आहेत. मुंबई इलाख्यात दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ पासून वनसंरक्षक होते. मध्य प्रांतात, ज्यात त्या वेळचा भंडारा जिल्हा आणि म्हणून आजचा गोंदिया जिल्हा येत असे, कॅप्टन पिअर्सन यांच्या हाताखाली १८६० मध्येच वनखात्याचे काम सुरू झाले होते. सातपुड्यातील बोरीच्या जंगलात पिअर्सन यांनी वणव्यापासून संरक्षणाचा प्रयोग यशस्वी करून दाखविला. रान दरवर्षी जळणारच, असे त्या काळी अधिकारीही मानीत. ब्रँडिस यांनी तो प्रयोग उचलून धरला आणि जाळरेषा हा शब्द वनरक्षकाच्या रोजच्या बोलण्यात आला.

सरपणासाठी राखायच्या जंगलाचे शास्त्र इमारती लाकडाहून निराळे आहे. ऐन, धावडा, तेंदू अशी झाडे बुंध्याशी तोडली तरी मरत नाहीत; खोडाला नवे धुमारे फुटतात. त्यासाठी तोड थंडीच्या दिवसांत व्हावी, खोड जमिनीलगत आणि उतरते कापले जावे म्हणजे त्यावर पाणी साचणार नाही, धारदार हत्याराने साल न फाटता काम व्हावे, एवढी पथ्ये असतात. मग जंगलाचे वर्षांच्या संख्येइतके तुकडे पाडून दरवर्षी एकच तोडायचा आणि उरलेले बंद ठेवायचे. शेवटचा तुकडा तोडून होईपर्यंत पहिला पुन्हा तयार झालेला असतो. या तुकड्याला वनखात्यात कूप म्हणतात. संस्कृतातील विहिरीशी त्याचा संबंध नाही. तोड या अर्थाचा तो फ्रेंच शब्द आहे आणि युरोपीय वनशास्त्राबरोबर तो झाडीपट्टीत येऊन रुळला. ब्रँडिस यांनी उभारलेल्या खात्याने ही युरोपीय पद्धत देशभर नेली. हे काम करणारी माणसे घडविण्यासाठी त्यांनी १८६६ मध्ये विल्हेल्म श्लिश आणि बर्थोल्ड रिबेनट्रॉप या दोन जर्मन तरुणांना आणले. ते दोघेही पुढे त्यांच्याच खुर्चीवर बसले. १८७८ मध्ये देहरादून येथे वनविद्यालय सुरू झाले, तेही ब्रँडिस यांच्या पुढाकाराने.

हक्क की सवलत?

ब्रँडिस यांच्या कारकिर्दीतील खरी लढाई झाडांची नव्हती, ती शब्दांची होती. पिढ्यान्‌पिढ्या गावकरी जंगलातून जळतण, नांगराला लाकूड, छपराला फाटे आणि गुरांना चारा आणत आले होते. विदर्भात याला निस्तार म्हणतात. हा निस्तार हा हक्क आहे की राजाच्या मर्जीने मिळालेली सवलत?

१८६५ चा पहिला वनकायदा तुटपुंजा होता. नव्या कायद्याची चर्चा पुढे दहा-बारा वर्षे चालली. पंजाबातील अधिकारी बेडन-पॉवेल यांचे मत असे, की राजाने लेखी सनद दिली नसेल तर वापर कितीही जुना असो, तो हक्क ठरत नाही. सरकार तो केव्हाही काढून घेऊ शकते. मद्रासच्या महसूल अधिकाऱ्यांचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. त्यांच्या मते गावाच्या वापरात नाही असे जंगलच इलाख्यात नव्हते. ब्रँडिस मध्ये उभे होते. सरकारने मोजकी, महत्त्वाची जंगले पूर्णपणे ताब्यात घ्यावीत. तेथील गावकऱ्यांचे जुने हक्क नोंदवावेत आणि ते जड होत असतील तर बदल्यात दुसरे जंगल द्यावे. आणि याखेरीज प्रत्येक गावापाशी गावाचे म्हणून एक जंगल असावे, ज्यातून सरपण व चारा मिळेल आणि ज्याची राखण गाव स्वतः करील, अशी त्यांची मांडणी होती. युरोपात अशी ग्रामवने त्यांनी पाहिली होती. हिंदुस्थानातही कूर्गमधील देवरकाडू, राजपुतान्यातील देवाच्या नावाने राखलेली झाडी आणि संस्थानिकांची राखीव रमणे त्यांनी आस्थेने नोंदविली. आपल्याकडच्या देवराया त्याच कुळातल्या. लोक जंगल राखू शकत नाहीत, हा समज त्यांनी मान्य केला नाही.

१८७८ चा कायदा झाला तेव्हा त्यात राखीव वन, संरक्षित वन आणि ग्रामवन असे तीन प्रकार होते. कागदावर ब्रँडिस यांची मागणी पूर्ण झाली होती. प्रत्यक्षात कायद्याचा कणा बेडन-पॉवेल यांचा होता आणि ग्रामवनाचे प्रकरण जवळजवळ कोरेच राहिले. हे कलम १९२७ च्या वनकायद्यातही तसेच उतरले. ब्रँडिस यांना निर्दोष ठरविण्याचे मात्र कारण नाही. राखीव जंगलात सरकारची पकड पूर्ण असावी, हे त्यांचेच मत होते आणि ज्या खात्याने पुढे मोळी जप्त केली ते त्यांनीच उभे केले होते. औषधाची बाटली आणि विषाची बाटली त्यांनी एकाच कपाटात ठेवली. किल्ली दुसऱ्यांच्या हाती गेली.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने या कायद्याविरुद्ध सरकारकडे निवेदन पाठविले. १८८३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी आणि गायराने वनखात्याच्या घशात गेल्याने शेतकऱ्याला शेरडू चारण्यासही जागा उरली नाही, हा त्यातला संताप आहे. योगायोग असा, की त्याच वर्षी ब्रँडिस नोकरीतून निवृत्त झाले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तर मुंबई शहराचे सरपण येत असे. तेथील वारली, कातकरी आणि शेतकऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. हा राग मुरत गेला. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला.

इटियाडोहच्या बाजूला गोष्ट थोडी निराळी घडली. येथील बरेचसे जंगल मालगुजारांकडे आणि जमीनदारांकडे होते. गावकऱ्यांचा निस्तार त्यांच्या मर्जीवर चाले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि ती जाणार हे दिसू लागताच ठिकठिकाणी मालगुजारांनी जंगले ठेकेदारांना विकून उभी झाडे साफ करून घेतली. सरकारच्या हाती बऱ्याच जागी खुरटी झुडपे आली. विदर्भात वर्षानुवर्षे वादाचा विषय झालेले झुडपी जंगल हे काही अंशी त्याच व्यवहाराचे शेपूट आहे. निस्तार पत्रकात गावांचे हक्क लिहिले गेले खरे, पण लाकूड नेण्याची परवानगी वनखात्याकडेच राहिली. १९७४ मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झाले. कूप पाडायचा, लाकडाची प्रतवारी करायची, इमारती लाकूड वेगळे काढायचे, जळाऊ लाकडाचे बीट रचायचे, हातोडा मारायचा, डेपोत आणून लिलाव करायचा, हा क्रम ब्रँडिस यांच्या काळातील माणसालाही सहज ओळखता आला असता. बदलला तो वेग. कुऱ्हाडीच्या घावाचा आवाज दूरवर जाई आणि जाड झाड पडायला वेळ लागे. वनरक्षकाला पोहोचायला तेवढी उसंत मिळे. चेनसॉने तेच झाड काही मिनिटांत आडवे होते आणि दारात उभा असलेला ट्रॅक्टर ते अंधारातच गावाबाहेर नेतो. तोडीची मर्यादा माणसाच्या दमावर अवलंबून होती तोवर काठीवरच्या खाचांचा हिशेब पाळणे सोपे होते.

ग्रामवनाच्या कल्पनेला मात्र उशिरा का होईना, याच झाडीपट्टीत पालवी फुटली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांच्या सामूहिक हक्कांना मान्यता दिली आणि शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये आपल्या जंगलावरील हक्काची कागदपत्रे मिळाली. ब्रँडिस यांनी गावासाठी जंगल मागितले होते. मेंढ्याने ते हक्क म्हणून घेतले. दोहोंत फरक आहे आणि तो लहान नाही.

निवृत्तीपूर्वी ब्रँडिस यांना मद्रास इलाख्यात पाठविण्यात आले होते. तेथील अधिकारी अनेक वर्षे दाद देत नव्हते. १८८२ चा मद्रास वनकायदा त्यांच्या त्या मुक्कामात झाला. प्रकृती खालावली होती. रेचेल १८६३ मध्येच निवर्तल्या होत्या आणि १८६७ मध्ये त्यांनी कॅथरिना हासे यांच्याशी दुसरा विवाह केला होता. १८८३ मध्ये ते बॉनला परतले. १८८७ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली. इंग्लंडहून येणाऱ्या वनविद्येच्या विद्यार्थ्यांना ते युरोपातील जंगलांत फिरवून शिकवीत. १८८९ मध्ये त्यांच्याकडे एक तरुण अमेरिकन आला. त्याचे नाव गिफर्ड पिंचो. पुढे अमेरिकेच्या वनसेवेचा तो पहिला प्रमुख झाला आणि ब्रँडिस यांना तो अखेरपर्यंत गुरू मानीत राहिला. अशा रीतीने पेगूच्या जंगलात काठीवर पाडलेल्या खाचा अटलांटिकपार गेल्या.

वायव्य आणि मध्य हिंदुस्थानातील वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तो त्यांनी डॉ. स्ट्युअर्ट यांच्या अपुऱ्या कामावरून पुरा केला होता. साऱ्या हिंदुस्थानातील झाडांचा एकच ग्रंथ करण्याचे काम त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर चालू ठेवले. ‘इंडियन ट्रीज’ हा तो ग्रंथ १९०६ मध्ये निघाला, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. त्यात सुमारे ४४०० जातींची नोंद आहे. झाडीपट्टीतले ऐन, धावडा आणि मोह त्यात आहेतच. २८ मे १९०७ रोजी बॉन येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९ वर्षांनी, त्यांच्याच देशातील स्टुटगार्ट शहरात आंद्रेआस श्टील नावाच्या अभियंत्याने विजेवर चालणारी साखळी-करवत बाजारात आणली. ती उचलायला दोन माणसे लागत.